खिडकीतून टाकलेले रुमाल

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'संगणक स्लो आहे' हे वाक्य आपल्या उमापुरात हल्ली 'पाऊस लांबला' या वाक्याइतक्या सहजपणे उच्चारले जाते, आणि तितक्याच निरुपायाने ऐकून घेतले जाते. सेवा केंद्रात दाखल्यासाठी बसलेला शेतकरी ते ऐकतो, टायपिंगच्या क्लासमधली मुलगी ऐकते, संगणक कक्षात तिघांमिळून एका यंत्रापुढे बसलेले आम्ही विद्यार्थी तर रोजच ऐकतो. ऐकणारा मान डोलावतो आणि वाट पाहू लागतो. पाऊस कोणाच्या हातचा नाही हे खरे. परंतु संगणकाचेही तसेच आहे काय?

माझे मत असे आहे की, तसे नाही. आपल्याकडची पुष्कळशी यंत्रे निव्वळ जुनी झाली म्हणून मंद झालेली नाहीत. यंत्र सुरू होताच त्यात कोण कोण शिरते, कोणाच्या परवानगीने शिरते आणि शिरून काय करते, हे पाहणारा कोणी नाही म्हणून ती मंद आहेत. ही पाहणी करायला अभियंता लागत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला ती एका तासात शिकता येते, आणि ती त्याला शिकवली गेली पाहिजे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

कोणी म्हणेल, मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बसलेल्यांनी ही उठाठेव कशाला करावी? विज्ञानवाले पाहतील. पण ज्याच्या घरी स्वतःचा संगणक आहे तो आपले यंत्र कसेही दुरुस्त करून घेईल. आम्ही मात्र सदैव दुसऱ्याच्या यंत्रावर बसणारे आहोत. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, निकाल, भरतीची जाहिरात ही सारी आमची कामे त्या पडद्यामागे अडकलेली असतात. तेव्हा ही उठाठेव आम्हीच करायला हवी.

प्रथम संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते ते पाहू. संगणकात माल साठवण्याची जागा एक आणि काम करण्याची जागा दुसरी. साठवण्याची जागा म्हणजे हार्ड डिस्क. काम करण्याची जागा म्हणजे रॅम. कोणताही प्रोग्रॅम चालवायचा तर तो डिस्कवरून उचलून रॅममध्ये आणावा लागतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असते आणि तिच्यावर एक बारीक दांडी पुढेमागे सरकत हवी ती माहिती शोधते. ऐकायला हा वेग अफाट वाटतो. परंतु माहिती तबकडीवर ठिकठिकाणी विखुरलेली असली, म्हणजे त्या दांडीला सेकंदाला शंभर फेऱ्यादेखील पुऱ्या करता येत नाहीत. आता संगणक सुरू झाल्या क्षणी दहाबारा प्रोग्रॅमांनी एकाच वेळी 'आधी माझे दे' म्हणून गिल्ला केला तर काय होणार? कचेरीत एकच शिपाई असावा आणि दहा टेबलांवरून एकदम घंटी वाजावी, तशी त्या दांडीची गत होते. ती धावते खूप, पण कोणाचेच काम होत नाही.

हे झाले डिस्कचे. रॅमची गोष्ट आणखी निराळी आहे आणि ती समजायला आपल्या एस.टी.सारखे दुसरे उदाहरण नाही. गेवराईच्या स्थानकावर गाडी लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, वर्तमानपत्रे आत फेकली जातात. दारातून रीतसर चढलेली म्हातारी पाहते तो प्रत्येक बाकावर काहीतरी पडलेले. माणूस मात्र दिसत नाही. तो खाली उभा राहून निवांत चहा पीत असतो. गाडी लहान नाही, जागाही कमी नाहीत; पण जे अजून गाडीत बसलेलेच नाहीत त्यांनी त्या अडवून ठेवल्या आहेत. संगणक सुरू होताना अगदी हेच होते. ज्या प्रोग्रॅमांना अद्याप कोणी हाकही मारलेली नाही ते रॅममध्ये रुमाल टाकून मोकळे होतात. ज्या प्रणालीचे नावच 'खिडक्या' आहे तिच्यात हा प्रकार सर्वाधिक चालावा, हा आपला योगायोग!

आणि मग ज्याला खरोखर प्रवास करायचा आहे, म्हणजे आपला अर्जाचा ब्राउझर किंवा निबंधाचा वर्ड, तो उभा राहतो. रॅम भरली की प्रणाली तिच्यातला काही माल परत डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा पुन्हा उचलून आणते. म्हणजे आधीच दमलेल्या त्या शिपायावर आणखी एक हमाली. पडद्यावरचा बाण हलतो, पण दाबले तरी काही उघडत नाही, असे आपण पाहतो ना, ती बहुधा हीच अवस्था.

माझ्या पाहण्यातल्या एका यंत्रावर ही यादी मी उघडून पाहिली. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती पाहणे फार सोपे झाले आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप' नावाचा भाग असतो. तेथे एकेका प्रोग्रॅमचे नाव आणि त्याच्यासमोर त्याचा भार किती, जास्त, मध्यम की कमी, हेदेखील लिहिलेले असते. सुरू होतानाच प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ खाणारा किंवा डिस्कवरून तीन एमबीहून अधिक ने-आण करणारा प्रोग्रॅम 'जास्त'मध्ये मोडतो. त्या यंत्राच्या यादीत काय नव्हते! दूरच्या माणसांशी चित्रासह बोलण्याचा एक प्रोग्रॅम होता. त्या यंत्राला कॅमेराच नव्हता. गाणी ऐकवणारा एक होता, स्पीकर नव्हते. फायली दूरच्या साठ्यात नेऊन ठेवणारा एक होता, पण त्यात कोणी कधी नाव नोंदवलेले नव्हते; तरी तो रोज सकाळी उठून 'नाव नोंदवा' म्हणून विचारीत असे. दोनतीन प्रोग्रॅम केवळ आपली नवी आवृत्ती आली काय एवढेच पाहण्यासाठी बसलेले. आणि सर्वांत कौतुकाची गोष्ट म्हणजे एका प्रिंटरचा मदतनीस तेथे हजर होता. तो प्रिंटर केव्हाच बिघडून अडगळीत गेलेला आहे. मालक गेला, वाडा पडला, पण गडी आपला रोज पहाटे येऊन अंगण झाडतोच आहे!

आता हे प्रोग्रॅम असे का वागतात? त्यांना तयार करणारे सगळेच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाची काहीतरी सबब असते आणि ती अगदीच खोटी नसते. आधीपासून बसून राहिले की हाक मारताच चटकन उघडता येते, नवी दुरुस्ती वेळेवर घेता येते. एजसारखा ब्राउझर तर याला 'स्टार्टअप बूस्ट' असे भारदस्त नाव देतो. शिवाय जो सतत डोळ्यांसमोर असतो तोच वापरला जातो, हा व्यापाराचा जुना नियम आहेच. पण यातली खरी गोम अशी की, प्रत्येकजण फक्त आपला रुमाल मोजतो. 'माझा एक रुमाल, त्याने काय गाडी भरते?' असे प्रत्येकाचे म्हणणे. गाडी किती भरली हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. ती कंडक्टरची आहे, आणि आपल्या यंत्रांवर कंडक्टरच नाही.

पूर्वी असे नव्हते. डॉसच्या काळात, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, प्रोग्रॅमांना वापरायला मिळणारी स्मृती ६४० केबी इतकीच असे. यंत्र सुरू होताना काय काय चालवायचे याची यादी 'ऑटोएक्झेक' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये ओळीने लिहिलेली असे, आणि ती उघडून, वाचून, खोडून दुरुस्त करता येत असे. जागा इतकी अपुरी की एक ओळ वाढवायची तर दुसरी खोडावी लागे. आमच्या प्राध्यापकांपैकी ज्यांनी त्या काळी संगणक हाताळला असेल त्यांना ही काटकसर आठवत असेल. पुढे १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये 'स्टार्टअप' नावाचा गट आला. विंडोज ९५ मध्ये तो कप्पा कायम राहिला, पण त्याच्याबरोबर रजिस्ट्री नावाची भलीमोठी नोंदवही आली. तिच्यात आपले नाव गुपचूप लिहून ठेवले की प्रोग्रॅमला सकाळी हजर होता येते. कप्पा उघडून पाहणाऱ्याला ते नाव तेथे दिसतही नाही. म्हणजे यादी मालकाच्या हातून निसटली ती या वळणावर. १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर 'एमएसकॉन्फिग' नावाचे साधन देऊन ती पुन्हा दाखवण्याची सोय झाली; पण ते साधन आहे हे ठाऊक असणारे थोडेच.

आणखी एक हिशेब सांगण्यासारखा आहे. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरत असे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. म्हणजे गाडी हजारपटीने मोठी झाली. आणि म्हातारी अजून उभीच आहे.

येथवर वाचून एखादा म्हणेल, पाचसात मिनिटांचा उशीर, त्यात एवढे काय? मला वाटते, हा उशीर सर्वांना सारखा महाग पडत नाही. शहरात वीज गेली तर यंत्राला बॅटरीचा आधार असतो. आपल्याकडे वीज दुपारच्या एका तासात दोनदा गेली तर यंत्र दोनदा नव्याने उठते आणि तितक्या वेळा ते सारे रुमाल नव्याने पडतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे घ्या. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर आधारची ओळख पटवायची तर सांकेतिक अंक मोबाईलवर येतात. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ मुलामुलींच्या आधारला जोडलेला मोबाईल वडिलांपाशी असतो, आणि वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. मुलगा इकडून फोन लावतो, वडील फडात मोळी खाली ठेवून अंक वाचून दाखवतात, आणि इकडे पडद्यावर चौकोनच उघडत नाही. अंकांची मुदत संपते. पुन्हा फोन, पुन्हा मोळी खाली. यात नेटवर्कचा दोष असतो, संकेतस्थळावरच्या गर्दीचाही असतो. सारे खापर स्टार्टअपवर फोडणे बरोबर होणार नाही. परंतु जो भाग आपल्या हातचा आहे तो तरी आपण सुधारला आहे काय?

आणि डेटाचे काय? सेवा केंद्र मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललेले असते. यंत्र सुरू झाले की हे बिनबोलावलेले प्रोग्रॅम आपापल्या नव्या आवृत्त्या ओढू लागतात आणि दिवसाचा पॅक दुपारी बाराला संपतो. मग केंद्रवाला म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर बिचारा दूर कुठेतरी ठणठणीत असतो.

पण माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान याहून वेगळे आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ज्याने उभ्या आयुष्यात प्रथमच महाविद्यालयात येऊन माऊस हातात धरला आहे, त्याला चांगले चालणारे यंत्र कसे असते हे माहीतच नसते. तो एकदा दाबतो. काही होत नाही. त्याला वाटते आपले दाबणे चुकले. तो पुन्हा दाबतो, जरा जोरात दाबतो. मग एकदम चार खिडक्या उघडतात आणि मागून कोणीतरी ओरडते, 'एवढं कशाला दाबतोस? बिघडंल ना!' तो हात मागे घेतो. यंत्र मंद होते, पण मंद ठरला तो. पुढच्या वेळी तो मित्राला म्हणतो, 'तूच कर, मी नुसता बघतो.' असे नुसते बघणारे आपल्या वर्गात किती आहेत हे प्रत्येकाने आपल्या बाकाच्या आजूबाजूला पाहावे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच घडते, कारण माऊस हाती येण्याची त्यांची पाळीच उशिरा येते. ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिलीनंतर थेट संगणकच आला, त्या आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना हा धडा यंत्राकडून मिळावा, याचे मला फार वाईट वाटते.

या रोगावर गावात एकच औषध प्रसिद्ध आहे : 'फॉरमॅट मारून घ्या.' यंत्र दुकानात जाते, पैसे मोजले जातात, सारे पुसून नव्याने बसवले जाते. चार दिवस यंत्र वाऱ्यासारखे पळते. मग पुन्हा तेच प्रोग्रॅम घातले जातात. घालताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट' असे न वाचता दाबले जाते, त्यातल्याच एका चौकोनात 'यंत्र सुरू होताना मलाही सुरू कर' याला आधीपासून टिचकी असते, आणि सहा महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. दुसरे औषध म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेले 'वेग वाढवणारे' प्रोग्रॅम. ही तर गंमतच आहे, कारण त्यांतले बरेचसे स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात! गर्दी हटवायला आलेला माणूसच बाकावर पथारी पसरतो. रजिस्ट्री साफ करून देणाऱ्या असल्या साधनांना आपला पाठिंबा नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे.

अर्थात सगळेच रुमाल उचलून बाहेर फेका, असे मी म्हणत नाही. एस.टी.त काही जागांवर अक्षरे रंगवलेली असतात : अपंगांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, विधानसभा सदस्यांसाठी. कंडक्टरची जागाही ठरलेली असते. तसे स्टार्टअपमध्येही काही हक्काचे असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. नाहीतर उत्साहाच्या भरात एखादा सगळेच बंद करून ठेवील आणि दुसऱ्या दिवशी मराठी टायपिंगच होईनासे होईल.

मराठी टायपिंगचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते आपल्या घरचे आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, कचेऱ्यांतला पत्रव्यवहार यांसाठी वर्षानुवर्षे पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरले जात आले आहे. या प्रोग्रॅमांचा कळफलक चालायचा तर त्यांचा मदतनीस मागे जागा असावा लागतो. टायपिंगच्या दुकानात त्याला पहाटेपासून बसू देणे योग्यच आहे. त्याचे पोटच त्यावर आहे. पण ज्या यंत्रावर फक्त युनिकोडमध्ये मराठी लिहायचे आहे तेथे त्याची मुळीच गरज नाही. इनस्क्रिप्ट या कळफलकाचे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच ठरवले, आणि विंडोज २००० पासून तो प्रणालीच्या आतच मिळतो. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागत नाही, रुमालही टाकावा लागत नाही. म्हणजे तोच प्रोग्रॅम एका यंत्रावर हक्काचा प्रवासी आणि दुसऱ्यावर अडवणूक करणारा. यादी दुसऱ्याची पाहून उतरवता येत नाही. आपले काम काय, हे आधी ठरवावे लागते.

दुसरा हक्काचा म्हणजे विषाणूंपासून राखण करणारा. तो सर्वांच्या आधी आला पाहिजे, कारण विषाणूदेखील याच यादीत नाव घालून रोज सकाळी जिवंत होतात. येथे आपल्याच माणसांची एक गोष्ट सांगावीशी वाटते. क्विक हील हा राखणदार पुण्यात जन्मला. त्याचे संस्थापक कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले, त्यातून संगणक दुरुस्तीकडे आले. धाकटे बंधू संजय यांनी विषाणू काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला. २०१६ मध्ये ती कंपनी शेअरबाजारात आली. म्हणजे यंत्र उघडून 'आत काय चालले आहे' हे पाहण्याचे धाडस ज्याने केले त्याला पदवीवाचून काही अडले नाही. असो. सांगायचे ते हे की राखणदार ठेवावा, पण एकच ठेवावा. विंडोज ८ पासून प्रणालीत स्वतःचा डिफेंडर असतो. त्यावर आणखी दोन राखणदार आणून बसवले तर ते एकमेकांनाच चोर समजू लागतात. लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीचे, आवाजाचे प्रोग्रॅमही राहू द्यावेत. सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची सेवा बंद केली तर सारा कारभारच थांबेल. आणि ज्याचे नाव कळत नाही त्याला हात लावण्यापूर्वी विचारावे, हे सांगायला नकोच.

एवढे करूनही यंत्र विमानासारखे उडेल, अशी आशा मी दाखवत नाही. ब्राउझरमध्ये पंचवीस पाने एकदम उघडी ठेवणाऱ्याला स्टार्टअप साफ करून काही मिळणार नाही. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो याहून कितीतरी मोठा, कारण तिच्यात तबकडी नाही आणि धावणारी दांडीही नाही. पण एसएसडीला पैसे लागतात आणि त्यासाठी मंजुरी लागते. यादी पाहायला काहीच लागत नाही.

पैशाचा प्रश्न आता अधिक तीव्र झाला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ इंटेलच्या बहुतेक सातव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांना रीतसर दारातच अडवते. तेव्हा 'ही यंत्रे मोडीत काढा, नवी मागवा' असा सूर सर्वत्र निघणे साहजिक आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे आणि स्टार्टअप साफ केल्याने तो प्रश्न सुटणार नाही. पण मोडीत काढण्याआधी लिनक्सचा विचार झाला पाहिजे. सी-डॅकनेच 'बॉस' या नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केलेली आहे. केरळच्या शाळांनी तर लिनक्सवर आपले सारे संगणक शिक्षण उभे केले. जुनी यंत्रे तिच्यावर चालतात. मात्र तेथेही स्टार्टअपची यादी असतेच! नवी यंत्रे आणली तरी असते. नव्या लॅपटॉपमध्ये तर विकणारा स्वतःच दहा रुमाल टाकून मग गाडी आपल्या ताब्यात देतो. यादी पाहण्याची सवय नसेल तर नव्या यंत्राला जुने व्हायला दोन वर्षे पुरतात.

हे सारे विचारून करता येणे अशक्य आहे, असेही नाही. ॲपलच्या संगणकांवर २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीपासून एखाद्या प्रोग्रॅमने मागच्या दाराने अशी नोंद केली की पडद्यावर तशी सूचना येते. कित्येक मोबाईलमध्येही 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी वेगळी ठेवलेली असते. म्हणजे विचारण्याची रीत आहे. पण विचारले जाते तेव्हा वाचणाराही लागतो. आपण सगळेच 'अलाऊ' दाबून मोकळे होतो.

आता आपल्या महाविद्यालयापुरते. संगणक कक्षाच्या भिंतीवर 'सेटिंगला हात लावू नये' अशी सूचना असते. ती लावणाऱ्याची भीती मी समजू शकतो. दहा मुलांनी दहा प्रकारे चाळे केले तर निस्तरणार कोण? जाब त्यांनाच द्यावा लागतो. पण या यादीत 'डिसेबल' केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, तो फक्त आपोआप उठत नाही. लागेल तेव्हा हाताने उघडता येतो, आणि पश्चात्ताप झाला तर त्याच ठिकाणी 'एनेबल' करता येतो. सर्व वापरकर्त्यांना लागू असणाऱ्या नोंदी ॲडमिनच्या पासवर्डवाचून बदलत नाहीत; तो पासवर्ड सरांपाशीच राहू द्यावा. सर्व्हिसेसच्या भागात कोणी जाऊ नये, हा नियमही कडक ठेवावा.

तेव्हा माझी सूचना अशी की, प्रत्येक सत्राच्या आरंभी एक तास या कामाला मिळावा आणि तो कला शाखेलाही मिळावा. प्रत्येक यंत्रामागे दोघेजण बसावेत, त्यांतला एक असा असावा की जो आजवर नुसता बघत आला आहे, आणि माऊस त्याच्या हातात असावा. कक्षात एक साधी वही ठेवावी. तीत यंत्राचा क्रमांक, तारीख, काय बंद केले, का बंद केले आणि कोणी केले हे लिहावे. बटण दाबल्यापासून वर्ड उघडून पहिले अक्षर उमटेपर्यंत किती वेळ लागला, हे आधी आणि नंतर घड्याळ लावून पाहावे आणि तेही लिहावे. शटडाऊन करून नव्हे, तर 'रीस्टार्ट' करून मोजावे. कारण विंडोज ८ पासून शटडाऊन हे बऱ्याच यंत्रांवर अर्धवट झोपणेच असते आणि मोजमाप फसते. पुढच्या सत्रात येणाऱ्यांनी तीच वही उघडून पाहावी की कोण पुन्हा शिरले.

वही आणायला आम्ही तयार आहोत. पहिली नोंद त्या अडगळीतल्या प्रिंटरच्या गड्याची करता येईल.